मिस्त्रींचं दर्शनी दार

९ फेब्रुवारी, रविवार. सकाळी धुकं. दूधवाला उशिरा आला. धुणं वाळलं नाही. समोर मिस्त्रींच्या ओट्यावर आजही माणसं. कर्जवाल्या ताई पलीकडच्या वस्तीतल्या बायकांना संडास दाखवायला घेऊन आल्या होत्या. मिस्त्रींची सून दारात दिसली, चेहरा उतरलेला. दुपारी पडद्याला टीप घातली. डोळ्यांचे थेंब संपले, आणायचे आहेत.

एवढीच नोंद. समोरच्या घरातल्या म्हाताऱ्या बाई कित्येक वर्षं अशी रोजनिशी लिहीत आल्या आहेत. घडलं तेवढंच लिहायचं, त्याचा अर्थ लावत बसायचं नाही, हा त्यांचा शिरस्ता. सुनेचा चेहरा का उतरला होता ते त्यांना ठाऊक नव्हतं. मिस्त्रींनाही नव्हतं, आणि गोष्ट आहे ती मिस्त्रींचीच.

मिस्त्री म्हणजे गवंडी. त्यांना आईबापांनी ठेवलेलं एक नाव आहे, पण ते आता मतदारयादीपुरतंच उरलंय. बापाच्या हाताखाली घमेली वाहायला लागले तेव्हा डोक्यावरची चुंबळसुद्धा त्यांना धड बांधता येत नव्हती. पुढे थापी हातात आली ती सुटली नाही. गावातली निम्मी घरं त्यांच्या हातची. भिंत सरळ आहे की नाही हे त्यांना नुसतं बघून कळायचं, तरी ते ओळंबा सोडल्याशिवाय पुढे जात नसत. ओल्या कामाला घाईने हात लावणाऱ्या पोरांना ते असं काही झापायचे की पोरं दुसऱ्या दिवशी दांडी मारत.

स्वतःच्या घराचा गिलावा मात्र जागोजागी सुटलेला. त्यांची बायको म्हणायची, "आपल्या भिंतीने काय घोडं मारलंय तुमचं? मजुरी देत नाही म्हणून रुसलात का तिच्यावर?" फार हसरी बाई. तीन वर्षांपूर्वी ती गेली, आणि घरातलं बोलणंच जणू बरोबर घेऊन गेली. कारण सासरा आणि सून यांच्यातलं सगळं बोलणं तिच्यामार्फत चालायचं. मुलगा ट्रकवर, महिना-दोन महिन्यांनी यायचा, दोन दिवस झोपून काढायचा आणि पुन्हा निघायचा. घरात उरले मिस्त्री, सून आणि एक शेळी.

शेळीचं नाव बाईसाहेब. ते नाव मिस्त्रींच्या बायकोनेच ठेवलेलं, कारण कुणी हाक मारली तर शेळी मान वळवायची पण उठायची नाही. सासूबाई गेल्यावर आठवडाभर घरात भांड्यांशिवाय कशाचा आवाज नव्हता. मग एका दुपारी सून परसदारी उभी राहून शेळीला म्हणाली, "बाईसाहेब, मालकांना सांगा, जेवण वाढलंय, गार होतंय." मिस्त्री ओट्यावर होते. त्यांनी ऐकलं, हात धुतले आणि आत येऊन बसले. जेवण झाल्यावर तेही शेळीकडे बघत म्हणाले, "बाईसाहेब, म्हणावं, मीठ अगदी बेताचं पडलंय." तेव्हापासून घराचा कारभार बाईसाहेबांच्या मार्फत चालू झाला. तेल संपलंय, पत्रा गळतोय, पोराचा फोन आला होता, सगळं. बाईसाहेब रवंथ करत ऐकायच्या आणि कधी इकडचं तिकडे करायच्या नाहीत.

कर्जवाल्या ताई गावात यायला लागल्या त्यालाही दीड-दोन वर्षं झाली. कुठल्याशा संस्थेच्या. दर गुरुवारी स्कूटरवरून यायच्या, शाळेच्या व्हरांड्यात सतरंजी टाकून बायकांना बसवायच्या. पाच-पाच जणींचा गट, लहान लहान कर्जं, आठवड्याचा हप्ता. एकीचा चुकला तर उरलेल्या चौघींनी भरायचा. म्हशीसाठी कर्ज, शिलाई मशीनसाठी कर्ज, हे लोकांच्या पटकन गळी उतरलं. पण ताई म्हणाल्या, संडासासाठीही देतो, तेव्हा मागे भिंतीला टेकून बसलेल्या एका आजोबांनी विचारलं, "ताई, म्हैस दूध देते. मशीन कपडे शिवून देतं. हे काय देणार?"

"ते तुमच्या सुनेला विचारा," ताई म्हणाल्या.

आजोबांनी काही विचारलं नाही. विचारणार तरी कसं? ते उठून तंबाखू थुंकायला गेले ते परत आलेच नाहीत. बायका पदराआड हसल्या, पण सही करायला मात्र एकीचाही हात पुढे होईना.

पहिली सही केली ती मिस्त्रींच्या सुनेने. एवढी अबोल पोरगी, तिच्या अंगात हे बळ कुठून आलं कोण जाणे. सहीच्या आदल्या दिवशी तिने परसदारी विचारून घेतलं होतं, "बाईसाहेब, मालकांना विचारा, मी संडासाचं कर्ज काढलं तर बांधून देतील का?" मिस्त्री थापी घासत होते. त्यांचा हात थांबला. आपल्याला हे आधी सुचलं नाही याची लाज वाटली असेल किंवा नसेल, ते इतकंच म्हणाले, "म्हणावं, मी असताना दुसरा कोण बांधणार?"

आणि बांधला. कसा बांधला म्हणता! जन्मभर दुसऱ्यांच्या घरून उरलेल्या टाइलांचे तुकडे त्यांनी एका पोत्यात साठवले होते, कशासाठी ते त्यांनाही सांगता आलं नसतं. त्यातले निळे-पांढरे तुकडे वेचून दाराच्या वर एक फूल बसवलं. कोपरे असे की बोट फिरवलं तर अडकणार नाही. शोषखड्डे दोन, एक भरला की दुसरा चालू. खिडकीच्या जागी सिमेंटची जाळी, तीसुद्धा स्वतः ओतलेली. दाराला हिरवा रंग. आणि हे सगळं कुठे? लोक असली गोष्ट परसात लपवतात. मिस्त्रींनी ती घराच्या दर्शनी बाजूला, ओट्याला लागून, रस्त्याकडे तोंड करून उभी केली. गवंड्याचं काम रस्त्यावरून दिसलं पाहिजे, हा त्यांचा आयुष्यभराचा हिशेब. दुकानदार चांगला माल दर्शनी भागात मांडतो, तसं.

ताईंनी तो पाहिला आणि त्यांच्या डोक्यात कल्पना आली. आपण तोंडाची वाफ दवडतो त्यापेक्षा लोकांना इथे आणून दाखवावं. मग काय, गुरुवारी सभा आणि रविवारी मिस्त्रींच्या ओट्यावर दर्शन. लोक यायचे, आत डोकावायचे, फुलावरून हात फिरवायचे, जाळी हलवून बघायचे. सून सगळ्यांना पाणी द्यायची. येणाऱ्यांतली निम्मी घरं सही करायची आणि बांधकाम मिस्त्रींनाच सांगायची. त्या कामाच्या मजुरीतून सुनेच्या नावचा हप्ता बिनबोभाट जायचा. रविवार नसला तरी ओटा ओस नसे. संडास बघायला आलेला माणूस टेकायचा, टेकलेल्याला बघून दुसरा यायचा. मिस्त्रींचा ओटा म्हणजे गावाची चावडीच झाली. उतारवयात एवढा मान मिळाला म्हणून मिस्त्री मनातून सुखावले होते.

अशातच सुनेला दिवस गेले. सातव्या महिन्यात तिला बारीक ताप यायला लागला. त्या नऊ तारखेच्या दुसऱ्या दिवशी, सोमवारी, नर्स घरी येऊन तपासून गेली. जाताना ओट्यावर मिस्त्रींपाशी थांबली आणि आडपडदा न ठेवता बोलली. पोरगी पाणीच पीत नाही. लघवीला त्रास आहे, त्यातून ताप आहे. गोळ्या दिल्यात, पण नुसत्या गोळ्यांनी भागणार नाही. असंच चाललं तर बाळंतपण वेळेआधी होईल, आणि मग बाळ हाती लागेल की नाही ते मी सांगू शकत नाही.

त्याच दुपारी मिस्त्री बाजारात गेले आणि नवा माठ घेऊन आले. स्वयंपाकघराच्या दारात ठेवला, भरला, वर नवं झाकण. "बाईसाहेब, म्हणावं, माठातलं पाणी पीत जा." आतून आवाज आला, "बाईसाहेब, सांगा, पिते." दुसऱ्या दिवशी सकाळी मिस्त्रींनी झाकण उचलून बघितलं. माठ काठोकाठ होता.

त्यांना वाटलं, नव्या मातीचा वास येत असेल. माठ दोनदा धुतला. मग वाटलं, आपल्या विहिरीचं पाणी जड असेल. वेशीबाहेरच्या विहिरीचं आणलं. लिंबं आणली, साखर आणली. शेवटी शेळीपुढे बसून तिला चांगलं दहा मिनिटं सुनावलं, की माणसाने पोटातल्या जिवासाठी तरी ऐकावं. बाईसाहेबांनी त्यांच्या सदऱ्याची बाही चावली. नेमकं घोडं कुठे पेंड खातंय ते मिस्त्रींना काही उमगेना. पोरगी हट्टी नव्हती. कुणाचं ऐकत नाही अशीही नव्हती.

गुरुवारी सभा आटोपून ताई एका कुटुंबाला घेऊन आल्या. म्हातारा, म्हातारी, दोन मुलगे. आधीच ओट्यावर गावातले तिघेचौघे होतेच. सून ताटलीत पेले घेऊन बाहेर आली, एकेकाला पाणी देत राहिली. म्हाताऱ्याला सगळं पसंत पडलं, फक्त कडीबद्दल शंका होती. आतून नीट बसते का? उगाच वाऱ्याने दार उघडायला नको.

"बसते का म्हणजे? हे बघा," म्हणत मिस्त्री आत गेले, दार ओढलं आणि कडी घातली.

ते त्या दारामागे कधी बंद होऊन उभेच राहिले नव्हते. स्वतः ते जन्मभराच्या सवयीने अजून डबा घेऊन रानातच जायचे. आपण बसवलेल्या त्या पांढऱ्याशुभ्र टाइलवर पाय ठेवायला त्यांचं मन धजायचं नाही. आता आत उभं राहिल्यावर त्यांना बाहेर कुणीतरी काडी ओढल्याचं ऐकू आलं. मग पेला ताटलीत ठेवल्याचं. म्हाताऱ्याने घसा खाकरला तो अगदी कानाशी. त्यांनी पाय हलवला तर चपलेचा आवाज चारी भिंतींना लागून घुमला, आणि मोठ्या हौसेने ओतलेल्या त्या जाळीतून बाहेर गेला असणार. बाहेर सगळे गप्प झाले होते. मग ओट्यावरचा एकजण म्हणाला, "मिस्त्री, निघा आता. का मुक्कामाला थांबताय?"

सगळे हसले. मिस्त्रीही आतल्या आत हसले आणि त्यांनी कडीला हात घातला. पण हात उचलेना. नुसती कडी दाखवायला आत आलेला म्हातारा माणूस, अंगावर सगळे कपडे, आणि तरी बाहेर पाऊल टाकायचं म्हटल्यावर त्यांचे कान तापले. त्यांनी दार उघडलं. सगळे दाराकडेच बघत होते. दुसरीकडे बघायला तिथे काही नव्हतंच; जागाच त्यांनी तशी मांडली होती.

सून रिकामी ताटली छातीशी धरून उंबऱ्यात उभी होती. तिने मान खाली घातली आणि ती आत गेली.

त्या संध्याकाळी मिस्त्री परसदारी गेले. शेळीला दावं बांधलं होतं, ते सोडून पुन्हा बांधलं. "बाईसाहेब," ते म्हणाले, "एक विचारायचं होतं. त्या ओट्यावर सारखी माणसं बसलेली असतात. म्हणून का?"

आत भांडी घासण्याचा आवाज थांबला. सून म्हणाली, "बाईसाहेब, मालकांना सांगा, काम फार सुंदर झालंय. लोक लांबून बघायला येतात. त्यावरच घर चाललंय. मला मालकांना दुखवायचं नाही."

"बाईसाहेबांना नको," मिस्त्री म्हणाले. "मला सांग, पोरी."

इतक्या वर्षांत ते तिच्याशी थेट बोलले नव्हते. दोघांमध्ये दाराचा पडदा होता, तो कुणी बाजूला केला नाही. मग पडद्याआडून आवाज आला, हळू, पण शेळीकडे वळवलेला नव्हे. "मामंजी, पहाटे अंधारात बायकांबरोबर ओढ्याकडे जाते. आता उतार चढवत नाही, म्हणून तिथेही एकदाच. दिवसा जावं लागू नये, म्हणून पाणी पीत नाही."

"बरं," मिस्त्री म्हणाले.

शुक्रवार-शनिवार दुसरीकडे स्लॅबचं काम होतं, ते टाळता येण्याजोगं नव्हतं. पण दोन्ही दिवस जाताना त्यांनी ओट्यावर कुणाला बसू दिलं नाही. ओट्यावर पाणी ओतून ठेवलं आणि वर सांगितलं की गिलावा करायचाय. रविवारी उजाडताच त्यांनी समोरच्या म्हाताऱ्या बाईंकडून माल कालवायला मोठी बादली मागून आणली आणि छिन्नी-हातोडा काढला. पुढचं दार बंद करायचं आणि मागच्या भिंतीला, स्वयंपाकघराच्या मागच्या दाराकडे तोंड करून, नवं पाडायचं. आतलं भांडं आहे तिथेच राहील. पत्र्याचं छप्पर, त्यामुळे भिंतीवर भार नाही. नव्या दाराच्या वर आधाराला एक फरशी टाकली की झालं. इकडून निघालेल्या विटा तिकडे लागतील. दार तेच, चौकट तीच. फक्त फूल वाचणार नव्हतं. चौकट उपटताना त्याच्या पाकळ्या एकेक करून खाली आल्या. मिस्त्रींनी त्या पायाने बाजूला सारल्या.

ताई आल्या तेव्हा अर्धं काम झालं होतं. मागून टेम्पोतून सहा-सात बायका उतरल्या. ताई हेल्मेट न काढताच बघत राहिल्या.

"मिस्त्री, हे काय काढलंत? एवढा चांगला पाडताय?"

"पाडत नाही. तोंड फिरवतोय."

"अहो, पण ह्यांना काय दाखवू मी आता?"

"ज्यांचे बांधलेत त्यांच्याकडे न्या. त्यांनी हो म्हटलं तर. हे आता घरातलं झालं," मिस्त्री म्हणाले आणि विटेला माल लावला.

ताईंनी त्यांना बाजूला घेतलं. रागावल्या नव्हत्या, पण काळजीत होत्या. इथलं बघूनच लोक सही करतात आणि कामही तुम्हालाच देतात, हे त्यांनी समजावलं. कामं कमी झाली तर? कर्ज सुनेच्या नावावर आहे, मागे गटातल्या चौघी उभ्या आहेत. हे सगळं मिस्त्रींनी भिंतीकडे बघत ऐकून घेतलं. त्यातलं काहीच खोटं नव्हतं. तीन रात्री त्यांनी हाच हिशेब मांडला होता आणि प्रत्येक वेळी तो त्यांना न परवडणाराच निघाला होता.

"ताई, हात चालू आहेत माझे," ते म्हणाले. "परक्या गावी जाईन कामाला. पण ती पोर तहानलेली राहते माझ्या घरात."

ताईंनी हेल्मेट काढलं आणि उगाच आतली पट्टी सारखी केली.

आलेल्या बायकांतली एक पोक्त बाई मात्र तेवढ्यात स्वयंपाकघराच्या मागच्या दाराशी जाऊन उभी राहिली होती. तिथून तिने नव्या भोकापर्यंत चालून बघितलं, मान वळवून रस्ता दिसतो का ते पाहिलं, परत आली. "असं असेल तर मला विचार करता येईल," ती दुसरीला म्हणाली. दुसरी हिरमुसली होती. फुलाबद्दल तिने फार ऐकलं होतं, आणि फूल तर मातीत पडलं होतं. टेम्पो गेला तेव्हा कुणी सही करणार की नाही, हे काही सांगता येत नव्हतं.

दुपार कलताना चौकट उभी राहिली. पाचरी मारल्या, माल भरला. आता चार दिवस तिला हात लावायचा नाही. माल ओला असताना दार टांगलं की चौकट बसते, वाकते, हे मिस्त्रींनी जन्मभर पोरांना ओरडून ओरडून सांगितलेलं. ते थोडा वेळ चौकटीसमोर उभे राहिले. मग त्यांनी दार उचललं आणि बिजागऱ्यांना लावलं.

हातपाय धुऊन ते शेळीकडे गेले, दावं सोडलं आणि तिला ओढ्याच्या बाजूला घेऊन निघाले. बाईसाहेब दुपारीच पोटभर चरून आल्या होत्या. त्यांना ही रपेट मुळीच पसंत नव्हती आणि तसं त्या वाटभर सांगत होत्या. मिस्त्री तिकडे एका दगडावर बसून राहिले. घरात सुनेशिवाय कुणी नाही, ओट्यावर कुणी नाही, तिला निवांत जाऊन येता येईल इतका वेळ बसले. उन्हं गेली तेव्हा उठले.

सून मागच्या दारात, भिंतीला पाठ लावून बसली होती. हातात पेला होता, अर्धा प्यायलेला. त्यांना बघून ती उठायला लागली, त्यांनी हातानेच बस म्हटलं. शेळी दोघांच्या मधे येऊन उभी राहिली, पण तिच्याकडे कुणी बघितलं नाही.

"मामंजी," सून म्हणाली, "दार खाली जरा घासतं."

"घासणारच. माल ओला आहे," मिस्त्री म्हणाले. "बंद होतं ना पण?"

"होतं."

"मग घासू दे. आठ दिवसांनी बघू."

समोरच्या घरातल्या बाईंनी त्या संध्याकाळी वही उघडली आणि तारखेखाली लिहिलं: मिस्त्रींनी माल कालवायला नेलेली मोठी बादली अजून परत आलेली नाही. उद्याचं पाणी दोन छोट्या बादल्यांत भरून ठेवलं.